वजा केलेलं भूत

आमच्या वस्तीत तिला सगळे काचबाई म्हणतात. तोंडावर नव्हे. तोंडावर डॉक्टर म्हणतात. "मी तपासणारी डॉक्टर नाही हो, मी संशोधनातली" असं ती कितीही सांगू दे, एखादी म्हातारी तिच्यापुढे जीभ बाहेर काढून उभी राहतेच. काचबाई हे नाव पडलं तिच्या बाटल्यांवरून. आईकडे येताना हातात काचेच्या बाटल्यांची लाकडी पेटी, जाताना तीच पेटी. प्लास्टिकला शिवेल तर शपथ. लॅबमध्ये शेजारच्या खात्यातला एक बरा दिसणारा गृहस्थ म्हणे तिच्यावर जीव टाकून होता, पण तो जेवण प्लास्टिकच्या डब्यातून आणायचा. प्रकरण तिथेच मिटलं. हे मला तिच्या आईनं सांगितलं, आणि तिची आई दोनच बाबतींत थापा मारते: स्वतःचं वय आणि लेकीचं लग्न. तेव्हा खरंखोटं तुम्हीच ठरवा.

मी लोकांच्या घरात डोकावणारा माणूस नाही. आमची आणि त्यांची मधली भिंत एका विटेची आहे, तिला मी काय करणार? काचबाईच्या आईला मी वहिनी म्हणतो, कारण तिचा नवरा माझा दोस्त. तो फिटर होता. नदीपलीकडे ट्रान्सफॉर्मर दुरुस्तीचा कारखाना होता, तिथे त्यानं उभा जन्म काढला. संध्याकाळी पुलावरून सायकल मारत यायचा, आणि सायकलच्या घंटीआधी त्याचा वास यायचा. तेलाचा वास. जड, गोडसर, कपाटात विसरून राहिलेल्या फळासारखा. वहिनी त्या वासावर चहाचं आधण ठेवायची.

त्याला जाऊन बरीच वर्षं झाली. पिवळा पडत पडत गेला. वास मात्र गेला नाही. दमट हवा पडली की अंगणातल्या कोंबड्यांच्या खुराड्यातून तो उठायचा, भिंतीवरून माझ्याकडे यायचा, आणि हातातला पेपर खाली ठेवून मी उगाच घंटीची वाट बघत बसायचो. एकदा वहिनीला विचारलंच. ती दाणे टाकत होती. मान वर न करता म्हणाली, "येतात ते अधूनमधून. तुम्हाला काय त्रास आहे?"

मी म्हटलं, "त्रास कसला! पण आला की माझा नेलेला पाना तेवढा परत मागा."

"मागते," ती म्हणाली. आणि हसली नाही.

काचबाईचं काम म्हणजे न मरणारी विषं शोधणं. माणसानं काही रसायनं अशी करून ठेवली आहेत की ती कुजत नाहीत, विरत नाहीत, पाण्यानं धुऊन जात नाहीत. मातीत पडली की मातीत, तिथून किड्यात, किड्यातून कोंबडीत, कोंबडीतून अंड्यात, अंड्यातून आपल्यात. आणि आपल्या चरबीत शिरली की हट्टी भाडेकरूसारखी, उठायचं नाव नाही. जुन्या ट्रान्सफॉर्मरांत जे तेल भरत त्यात पीसीबी म्हणून असंच एक घराणं असायचं. घराणंच म्हणायचं, कारण ती दोनशेच्या वर भावंडं आहेत. काचबाईचं मशीन त्यांचा एक प्रकारे कुटुंबाचा फोटो काढतं: कागदावर सुळक्यांची रांग उमटते, एक उंच, त्याला लागून दोन बुटके, मग एक मधला. कोणत्या तेलाचा फोटो कसा, हे तिला पाठ. आपण शेजाऱ्याची पोरं पाठमोरी ओळखतो, तसं.

या कामात एक रीत आहे, आणि आपली सगळी गोष्ट त्या रीतीवर उभी आहे, म्हणून जरा धीर धरा. अंडी तपासायची तर त्या अंड्यांबरोबर एक अंडं असं लावायचं की ज्यात विष नाही हे आधीच ठाऊक आहे. त्याला म्हणायचं कोरा नमुना. तेच कुटायचं, तेच गाळायचं, त्याच भांड्यांतून आणि त्याच मशीनमधून न्यायचं. त्या कोऱ्या अंड्यात जर काही दिसलं, तर ते अंड्याचं नव्हे. ते आपल्या भांड्यांचं, हवेचं, आपल्याच हातांचं. मग तेवढं बाकीच्या अंड्यांतून वजा करायचं. सरळ हिशेब.

कोरं अंडं कुठून आणायचं? काचबाईनं ते आईकडून आणलं. नदीच्या अलीकडे, कारखान्यापासून लांब, दाणे खाणाऱ्या, तिनं स्वतः नावं दिलेल्या कोंबड्या. याहून स्वच्छ अंडं जगात कुठलं असणार? आणि वहिनी तरी कसली ऐकते! अंडी घेतल्याशिवाय लेकीला उंबरा ओलांडू देत नसे.

कारखाना बंद पडला तेव्हा त्याच्या कुंपणाला लागून एक गल्ली उभी राहिली. घरागणिक कोंबड्या. मग कोणीतरी म्हणालं, या मातीत विष आहे. लोक घाबरले, लॅबकडे आले. काचबाईनं दारोदार फिरून अंडी गोळा केली, तपासली, वजाबाकी केली, आणि गल्लीच्या शाळेतल्या हॉलमध्ये उभी राहून निकाल सांगितला. एरवी ती "अमुक आढळलं नाही असं ठामपणे म्हणता येणार नाही" अशा भाषेत बोलते. तिला वेळ विचारली तरी आधी घड्याळावर शंका घेईल. पण त्या दिवशी पुढच्या रांगेतली, लाल फाटकाच्या घरातली बाई उठली, कडेवरचं पोर तिनं पुढे केलं आणि म्हणाली, "ते आकडे राहू द्या, बाई. ह्याला अंडं देऊ की नको, एवढं सांगा."

काचबाईनं पोराकडे पाहिलं. "खुशाल द्या," ती म्हणाली.

बस्स, दोन शब्द. गल्लीनं टाळ्या वाजवल्या. आणि त्या दिवसापासून गल्लीतलं एकेक पोर काचबाईच्या शब्दावर अंडं खाऊ लागलं.

आता भूत.

लॅबमध्ये भट्टीदादा म्हणून एक मदतनीस आहे, माझ्या साडूचा धाकटा भाऊ. काचेची भांडी भट्टीत तापवून निर्मळ करायची हे त्याचं काम, आणि लॅबमधली प्रत्येक गोष्ट मला येऊन सांगायची हा त्याचा छंद. त्यानं सांगितलं, की कोऱ्या अंड्यात दर खेपेला एक फोटो उमटतो. एकच. तीच रांग, तोच उंच, तेच दोन बुटके. अंडं ज्यात विरघळवायचं ते औषध नुसतं मशीनमध्ये घातलं तर काही नाही. कोरं अंडं घातलं की हजर. काचबाईनं तर्क लावला: अंड्यातली चरबी भांड्यांना आणि नळ्यांना चिकटलेलं जुनं काहीतरी ओढून काढत असणार. तर्क चांगला होता. शहाण्या माणसाची चूकसुद्धा नीटनेटकी असते.

मग तिनं लॅब धुऊन काढायला घेतली. नळ्या बदलल्या. पडदे काढले. भिंतीचा जुना रंग खरवडला, त्यात असं विष असतं म्हणून. भट्टीदादाला हाताला क्रीम लावायची बंदी, केसांना तेल लावायची बंदी. तो मला म्हणाला, "दादा, उद्या बाई मला श्वास बाहेर सोडायची बंदी करणार आहेत."

तिला तो म्हणायचा, "बाई, एखादा मांत्रिक बोलवू का? ओळखीतला आहे, स्वस्तात करेल."

"त्याला सांग, येताना हात धुऊन ये," काचबाई म्हणायची.

पण हसणं वरवरचं. भट्टीदादानं तिला एकटीला मशीनपुढे बसून कागदावर बोट फिरवताना पाहिलं होतं, आंधळा माणूस चेहरा चाचपतो तसं. एकदा तिनं त्याला विचारलं, "तुला इथे कसला वास येतो का रे? गोड?" त्यानं नाक वर करून हुंगलं, नाही म्हणाला. "मलाही येत नाही," ती म्हणाली, आणि खिडकी उघडली.

हे तीन वर्षं चाललं. भूत येत राहिलं, ती ते वजा करत राहिली.

मग वहिनीच्या कोंबड्यांनी पिसं गाळायला काढली. पिसं गाळताना कोंबडी अंडं देत नाही. वहिनी उघड्याबोडक्या कोंबड्यांवर चिडून मला भिंतीवरून सांगत होती, "बघा हो, नुसत्या खातायत!" इकडे काचबाईला खेप लावायची होती. तिनं भट्टीदादाला कोपऱ्यावरच्या दुकानात पाठवलं आणि अंडं आणवलं, पिंजऱ्यातल्या कोंबडीचं, जिच्या पायाला कधी माती लागली नाही असलं. ते कुटलं, गाळलं, मशीनमध्ये घातलं.

कागद सपाट आला. सुळका नाही, टेकाड नाही. भूत गेलं.

भट्टीदादा नाचायचा बाकी होता. "बाई, गेलं! चहा पाजा! नाहीतर मी पाजतो!"

काचबाई खुर्चीवर बसली. तो सांगतो, तिच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं ते त्यानं उतरताना पाहिलं. भूत आलं तेव्हा ती कधी भ्यायली नाही. गेलं तेव्हा भ्यायली. कारण भूत लॅबमध्ये नव्हतंच. अंड्यात होतं. आणि जे अंड्यात होतं ते तीन वर्षं तिनं गल्लीच्या प्रत्येक अंड्यातून स्वतःच्या हातानं वजा केलं होतं.

तिथेच बसून तिनं वजाबाकी मागे घेतली. गल्लीची अंडी एकेक करून उभी राहिली, आणि त्यांतली बरीचशी पोराला द्यायच्या लायकीची नव्हती.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं आपण हसून म्हणतो. तिच्या काखेत काय होतं ते तिला अजून पुरतं कळायचं होतं.

दुसऱ्या दिवशी ती आईकडे आली. पेटी होती, पण या वेळी अंड्यांसाठी नाही. अंगणात गुडघ्यांवर बसून चमच्यानं माती उकरून बाटल्यांत भरू लागली. मी झाडाला पाणी घालत होतो. झाडाला त्या दिवशी पाणी जरा जास्तच झालं.

वहिनी म्हणाली, "हे काय गं, लहानपणी माती खायचीस, आता घरी न्यायला लागलीस?"

"आई, खुराड्याला बाबा काय लावायचे?"

"तेल. कारखान्यातलं." वहिनीच्या आवाजात ऊब आली. "खुराडं त्यांनी स्वतः केलंय, कारखान्यातल्या खोक्यांच्या फळ्यांचं. दरवर्षी वरून एक हात फिरवायचे. वाळवीची काय बिशाद! शेजारच्यांचं फाटक दोनदा बदललं, आपलं खुराडं बघ." हे शेजारचे म्हणजे मी.

"आणि अंगणात?"

"धूळ बसायला शिंपडायचे. सगळेच नेत होते की, टाकून द्यायचंच तेल ते. अजून आहे डब्यात थोडं. माळ्यावर. गुडघ्यांना लावते मी थंडीत. तुला देऊ? रात्रंदिवस उभी असतेस."

भिंतीपलीकडे काही ऐकू येईना. मी टाच उंच केली. काचबाई चमचा हातात धरून तशीच बसली होती, आणि आई तिच्या केसांतून माती झटकत होती. "तुला याच अंगणात वाढवलं," आई म्हणत होती. "पहिलं पोर. दोन वर्षांची होईस्तोवर अंगावर पाजलं तुला. अंडी खाऊनच दूध येत होतं मला, दुसरं होतं काय?"

काचबाईनं बाटलीचं झाकण लावलं. तिला जे ठाऊक होतं ते मला भट्टीदादानं नंतर सांगितलं: ही विषं आईच्या चरबीत साठतात, आणि दुधावाटे तिचं ओझं उतरतं ते पहिल्या पोराच्या अंगात. त्याच आठवड्यात तिनं भट्टीदादाकडून स्वतःचं रक्त काढवून घेतलं आणि मशीनला लावलं. तो म्हणतो, कागद बाहेर आला तेव्हा त्याला वाटलं, बाईंनी चुकून जुनाच कागद काढला. तीच रांग. तोच उंच, तेच दोन बुटके. काचबाईनं तो घडी करून पर्समध्ये ठेवला. आपण घरच्यांचे फोटो ठेवतो तिथे.

लॅबचे साहेब माणूस वाईट नाहीत; फक्त कुठलीही गोष्ट गादीखाली सरकवली की मिटली असं त्यांना वाटतं. काचबाईनं सगळं सांगितल्यावर ते म्हणाले, "चूक झाली, सुधारू. गल्लीला नवे आकडे देऊ. पद्धतीत सुधारणा केल्यामुळे आकडे बदलले, असं लिहू. त्यात तुमचं घर कशाला? वडिलांना कशाला उठवता?"

"ते निजलेत कुठे, साहेब?"

"म्हणजे?"

"एकटे माझेच बाबा तेल घरी नेत होते का? सगळा कारखाना नेत असणार. कोणी फाटकाला लावलं असेल, कोणी गुडघ्याला. ती घरं कुठे आहेत, मला माहीत नाही. पद्धत सुधारली म्हटलं तर त्यांतलं एक तरी माणूस उठून येईल का?"

"आणि तुमच्या आई?"

भट्टीदादा दाराशी भांडी पुसत होता. एक भांडं त्यानं फार वेळ पुसलं, असं तोच म्हणतो.

आईला तिनं सांगितलं. कसं सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्या दोघी खिडक्या लावून बसल्या. मला एवढंच दिसलं की काचबाई गेली तरी वहिनी दारात उभी होती, आणि दाण्यांचं सूप तिच्या हातात तसंच होतं.

दोन दिवस वहिनी माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवरून हात आला. "काडेपेटी द्या."

मागितली, दिली. शेजारधर्म आहे. पण मग रद्दी चुरगळल्याचा आवाज आला तेव्हा मी स्टूल घेऊन वर चढलो. कोंबड्या अंगणात मोकळ्या सोडलेल्या, खुराड्याखाली कागद आणि काटक्या, आणि वहिनी उकिडवी बसून काडी ओढतेय. ओढतेय आणि पुटपुटतेय, "एवढं वाईट ना? एवढं वाईट ना तुमचं? जाऊ दे मग एकदाचं."

नेमकी त्याच वेळी काचबाई फाटकातून आत आली. तिनं काय पाहिलं कुणास ठाऊक, पेटी हातातून सुटली. जन्मात तिच्या हातून काच फुटली नव्हती. त्या दिवशी सगळ्या बाटल्या फरशीवर. ती काचांवरून धावली आणि पेटता कागद तिनं उघड्या तळव्यानं दाबून विझवला.

"जाळू नकोस!"

"तूच म्हणालीस विष आहे!"

"जाळलं की ते मरत नाही, आई! चुलीच्या आगीत आणखी भयंकर होऊन वर जातं. सगळ्या वस्तीवर बसेल."

"मग पुरते."

"पुरलं की मातीतून परत येतं."

"नदीत नेऊन टाकते."

"नदीतून माशात. माशातून आपल्यात."

वहिनी जमिनीवरच बसली. विझलेल्या कागदाचा धूर दोघींच्या मधून वर जात होता, आणि तापलेल्या फळीतून तो वास उठला, इतका दाट की मला फाटकाकडे बघवेना. वहिनीनं तिकडेच पाहिलं.

"म्हणजे काहीही केलं तरी जायचं नाही म्हणतेस," ती म्हणाली.

"नाही."

"हट्टीच होते तसे."

मग तिनं लेकीचा हात ओढून घेतला, तळव्यावर फुंकर घातली, आणि फुंकर घालता घालता रडायला लागली. मी स्टुलावरून उतरलो. सगळंच बघायचं नसतं. एवढं मलाही कळतं.

हॉलमधली दुसरी सभा ठरली तेव्हा काचबाईनं आईला येऊ नको म्हणून बजावलं होतं. म्हणून वहिनी माझ्या दारात आली. "चला. तुम्हाला तरी दुसरं काय काम आहे?" पुलावरून चालताना ती एकदाच थांबली, कठड्याला हात लावून. तिथून सायकल वळायची. आम्ही मागच्या रांगेत बसलो.

काचबाईच्या हाताला पट्टी होती. ती म्हणाली, "मी चुकले. अंडी खुशाल द्या असं मी म्हणाले होते. देऊ नका. आजपासून एकही देऊ नका."

मग एकच गलका. लाल फाटकवाली उठली. तिचं पोर आता तिच्या बाजूला आपल्या पायांवर उभं होतं. तिचा आवाज चढलेला नव्हता, तेच वाईट होतं. "रोज एक दिलं मी. तुम्ही म्हणालात म्हणून. तुमचं नाव घेऊन दिलं, बाई. खा, मॅडमनी सांगितलंय."

काचबाईनं मान खाली घातली नाही. "हो."

"अशी कशी चूक होते?"

मग काचबाईनं कोऱ्या अंड्याचं सांगितलं. वजाबाकीचं सांगितलं. सोपं करून सांगितलं, पोरांनाही कळेल असं. आणि तिथवर आली जिथे यायचं होतं, आणि अडखळली. तिची नजर मागच्या रांगेवर पडली होती. "ते कोरं अंडं," ती म्हणाली, "ज्या घरातून येत होतं... एका घरातून... त्या घरातला एक माणूस..."

"एका घरातून काय म्हणतेस!" माझ्या कानाशी आवाज फुटला. वहिनी उभी राहिली होती. "आपल्या घरातून म्हण. बाबांनी आणलं म्हण. कोंबडं झाकून काय तांबडं फुटायचं राहणार आहे का?" आणि मग सगळ्या हॉलकडे वळून, भांडायला निघाल्यासारखी: "माझा नवरा कारखान्यात फिटर होता. तेल घरी आणायचा. चोरून नव्हे, सगळ्यांदेखत. वाईट आहे हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. तुमच्यापैकी कोणाच्या घरी आला होता असा डबा? लाजू नका. मी गुडघ्यांना लावत होते."

नंतर खिडकीजवळ बसलेला एक म्हातारा, कारखान्यातला जुना वेल्डर, काठीवर रेलून उठला. "माझ्याकडे आहे," तो म्हणाला. "जिन्याखाली." मागून एका बाईचा आवाज आला, "आमच्या गोठ्याच्या खांबांना लावलंय." मग आणखी एक. काचबाईनं पेन्सिल काढली, आणि पट्टीच्या हातात ती धरता येईना म्हणून भट्टीदादानं ती तिच्या हातून घेतली आणि तो लिहू लागला.

लाल फाटकवालीनं तिला माफ केलं असं मी म्हणणार नाही. ती रस्त्यात दिसली तर दुसऱ्या बाजूनं जाते. पण पोराचं रक्त तपासायला ती लॅबमध्येच आणते, दुसरीकडे नाही. भट्टीदादा म्हणतो, दर वेळी एकच प्रश्न विचारते: "अंगात गेलेलं निघतं का?" आणि काचबाई दर वेळी तेच सांगते, हळूहळू, फार हळू. आता ती "खुशाल" हा शब्द वापरत नाही. कोणी तिच्यासमोर वापरला तर ती त्या माणसाच्या मागे एखादं पोर उभं आहे का, असं बघते.

खुराडं फळी फळी सोडवून लोखंडी पिंपात बंद केलं आहे, डब्यासकट आणि अंगणातल्या मातीसकट. असलं जाळायला खास भट्टी लागते, ती लांब आहे आणि तिची वाट बघावी लागते. तोवर पिंप लॅबच्या मागच्या खोलीत आहे. भट्टीदादा त्या खोलीत शीळ घालत जातो. दार लावतानासुद्धा घालतो.

वहिनीच्या दोन कोंबड्या त्या थंडीतच गेल्या. उरली एक, तुरेवाली, म्हातारी आणि खाष्ट. वहिनीनं तिला लॅबच्या हवाली करायला साफ नकार दिला. ती आता गच्चीवर सिमेंटच्या फरशीवर राहते, विकतचे दाणे खाते. कधीमधी अंडं देते, ते कोणी खायचं नाही, काचबाई लॅबला नेते. कोंबडीचं एक बरं असतं, आतलं विष ती अंड्याअंड्यानं बाहेर टाकत जाते. सुळके खाली येत चालले आहेत. आधी डोंगर होते, मग टेकड्या.

परवा काचबाई आली तेव्हा वहिनी भाजी निवडत होती. मी भिंतीला टेकून होतो. अंड्याचा निकाल काय म्हणून विचारायचं सोडून वहिनी म्हणाली, "अजून आहेत का?"

काचबाई म्हणाली, "आहेत. पण आता नीट शोधावं लागतं."

वहिनी भाजी निवडत राहिली. चांगली पानंही टाकायला लागली तेव्हा लेकीनं सूप ओढून घेतलं.

"कागदावर दिसतात म्हणालीस ना."

"हो."

"मग संपायच्या आधी एकदा मला घेऊन जा. बघायचंय."

"त्यात बघण्यासारखं काही नाही गं, आई. नुसत्या रेघा."

"असू देत."

काचबाईनं पर्स उघडली, आत हात घातला, आणि तो घडी केलेला कागद काढून आईसमोर जमिनीवर उलगडला. वहिनीनं चष्मा लावला. बोट उंच सुळक्यावर ठेवलं, तिथून दोन बुटक्यांवर आणलं.

"हे कोणत्या अंड्यातलं?" तिनं विचारलं.

"हे माझं आहे," काचबाई म्हणाली. "हे लवकर जायचं नाही."

वहिनीनं कागदावरून हात उचलला नाही. हवा दमट होती. मी श्वास ओढून पाहिला. वास आला नाही. तरी थोड्या वेळानं वहिनी उठली, स्वयंपाकघरात गेली, आणि मला चहाच्या भांड्यात पाणी ओतल्याचा आवाज आला.